कापशी, सरकी आणि सासूचं लुगडं

भागीरथाबाईच्या पायाला भिंगरी लागली होती. चहाची बशी तोंडाला लावायची नि मध्येच उठायचं. भाकर तव्यावर टाकायची नि मधल्या दाराची कडी लागली का ते पाहून यायचं, तोवर भाकर करपायची. करपलेली भाकर नवऱ्याच्या, रामरावांच्या ताटात पडली की ते काही बोलायचे नाहीत, नुसते दाराकडं पाहायचे. त्या पाहण्यानंच बाईचं डोकं तापायचं. अरे, बोला ना एकदाचं! पण रामरावांनी जे बोलायचं ते एकदाच बोलून ठेवलं होतं. सून घरी येईस्तोवर या दोन मांजरींचं जमलं तर ठीक, नाही तर त्यातली एक पोत्यात घालायची नि नदीपार सोडून यायची.

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावाला नदीपार म्हणजे वर्धा नदीपलीकडं, थेट दुसऱ्या जिल्ह्यात. मांजराला पोत्यात घालून तीन गिरक्या द्यायच्या, म्हणजे त्याला दिशा कळत नाही नि ते परत येत नाही, असं गावात सगळेच मानतात. पोतं खुंटीला लटकलेलंही होतं. सून अर्पिता आर्णीला माहेरी बाळंत झाली होती. सव्वा महिना झाला की पुढच्या रविवारी मुलगा रजत तिला नि लेकराला घेऊन येणार होता. घरात तान्हं बाळ, नि दोन मांजरी एकमेकींच्या नरड्याला लागलेल्या. रामरावांचं म्हणणं चूक होतं असं कोण म्हणेल? भागीरथाबाईलाही म्हणता येत नव्हतं, नि तिचा खरा वैताग तोच होता.

आता या मांजरी काही जन्माच्या वैरिणी नव्हत्या. एका आईच्या, एका वेताच्या सख्ख्या बहिणी. पांढरी ती कापशी, राखाडी ती सरकी. चार वर्षं एका ताटलीत दूध प्यायल्या, एकीच्या पोटावर दुसरीनं डोकं ठेवून झोपल्या. रजत नोकरीसाठी यवतमाळला गेला, सून त्याच्यामागं गेली, तेव्हा या दोघींनीच घर भरलेलं ठेवलं. माणसाशी बोलायचं ते भागीरथाबाई त्यांच्याशी बोलायची. रामराव चिडवायचे, म्हणायचे, तुह्या या दोन लेकी दुधावर भागवतात म्हणून बरं, भाकर खात असत्या तं माह्या ताटात काही पडलंच नसतं.

मग जानेवारीत घोळ झाला. भाव चढेल म्हणून समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवला होता. इकडं निम्म्या घरांत तसाच असतो. माणसं अंग चोरून झोपतात नि कापूस ऐसपैस पसरतो. कापशीला तर तो मऊ डोंगर म्हणजे माहेरच. पांढऱ्या कापसात पांढरं मांजर, दिसणार कुणाला? भाव बरा आला तशी कापूस नेणाऱ्या देवीलालची गाडी दारात लागली, मजुरांनी गाठोडी बांधली, भराभर भरली, गाडी राळेगावच्या जिनिंगच्या कारखान्यात गेली. संध्याकाळी सरकी एकटीच ताटलीपाशी आली तेव्हा भागीरथाबाईला कळलं, कापशी कापसाबरोबरच गेली.

नऊ दिवसांनी देवीलालच कापशीला खोक्यात घालून घेऊन आला. जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगाआड दडून बसली होती, म्हणाला. डाव्या कानाची चीर पाहून मी वळखली, असंही सांगितलं त्यानं. मशीनच्या तेलानं काळीठिक्कर, अंगावर दोन जखमा, पोट पाठीला लागलेलं. भागीरथाबाई रडली. रामरावांसमोर रडली, देवीलालसमोर रडली, लाज वाटली नाही तिला.

आणि मग तिनं ती चूक केली. चूक कसली, रीतच ती! घरचं माणूस आजारातून, परक्या जागेतून परत आलं की कडूलिंबाचा पाला टाकून पाणी उकळायचं नि उंबऱ्याबाहेरच आंघोळ घालायची, ही तिच्या सासूची शिस्त. तिनं कापशीलाही तशीच घातली. साबण लावला, जखमांवर हळद नि कापराचं खोबरेल लावलं, कोऱ्या फडक्यानं पुसलं. उरलासुरला ओळखीचा वास होता तोही घालवला. पण हे तेव्हा तिला कुठं माहीत? तिनं हौसेनं कापशीला सरकीपुढं ठेवलं.

सरकीनं नाक पुढं केलं. हुंगलं. तिची शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी फुलली, नि पुढच्या क्षणाला दोघींचा एकच गोळा झाला. वाटीतलं दूध सांडलं, फळीवरचे डबे कोसळले, सोडवायला गेलेल्या भागीरथाबाईच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत चार ओरखडे उठले. कापशी पलंगाखाली शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. सरकी पलंगापुढं बसून गुरगुरत राहिली.

त्या दिवसापासून घराचे दोन भाग झाले. समोरच्या रिकाम्या खोलीत कापशी, सैपाकघरात सरकी, मध्ये कडी लावलेलं दार नि दोन्हीकडं फेऱ्या मारणारी भागीरथाबाई. इकडं बसली की तिकडची ओरडायची, तिकडं गेली की इकडची दार खरवडायची. नातीचं दुपटं शिवायचं होतं, तेही राहिलं. सुईत दोरा ओवायची नि उठायची. दोरा ओवलेली सुई दोनदा हरवली, एकदा रामरावांच्या बुडाखाली सापडली.

सल्ले तर गल्लीभर. शेजारच्या हंसाबाईनं सांगितलं, दोघींले एका खोलीत कोंडा, एकदा काय ते फैसला होऊन जाईल. भागीरथाबाईनं ऐकलं, कोंडलं, नि अर्ध्या मिनिटात किंचाळ्या ऐकून दार उघडलं. कापशीची जुनी जखम परत फाटली. कुणी मीठ-मिरच्या उतरवायला लावल्या, तेव्हा मांजरींपेक्षा रामरावच जास्त शिंकले. रजतनं फोनवर सांगितलं, व्हिडिओत दाखवतात तसं दाराच्या दोन्ही बाजूंनी खाऊ घाल. त्यानं थोडा फरक पडला, पण दाराखालच्या फटीतून वास आला की सरकी दुधावरून उठून फिस्कारायची. एक ना धड भाराभर चिंध्या!

रामराव म्हणायचे, कापशीलेच सोडू. नऊ दिवस बाहेर राह्यली, तिले बाहेरची सवय झाली. सरकी घरची हाय.

हे वाक्य भागीरथाबाईला ओरखड्यांपेक्षा जास्त झोंबलं. का झोंबलं ते तिला लगेच कळलं नाही. रागानं तिनं त्या दिवशी अंगण दोनदा झाडलं.

बुधवारी दुपारी तिनं ठरवलं, काही झालं तरी दुपटं पुरं करायचं. तान्ह्या लेकराला कोरं कापड टोचतं, म्हणून दुपटं जुन्या लुगड्याचंच करायचं असतं. तिनं पेटी उघडली. तळाशी सासूचं हिरवं नऊवारी होतं, अकरा वर्षांपूर्वी सासू गेली तेव्हा जपून ठेवलेलं. घडी मोडली नि चुलीच्या धुराचा, तंबाखूचा जुना वास आला. भागीरथाबाई पेटीपुढं मटकन बसली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती अशी बसली.

रजत दीड वर्षाचा होता तेव्हा तिच्या छातीत रोग निघाला होता. सात महिने ती नागपूरच्या दवाखान्यात होती. लेकराला आणायचं नाही, जवळ घ्यायचं नाही. बरी होऊन परत आली तेव्हा सासूनं उंबऱ्याबाहेर कडूलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं, नवं पातळ नेसवलं. ती धावत आत गेली, रजतला उचललं, नि लेकरू काळंनिळं होईस्तोवर रडलं. तिच्या तोंडावर हात मारले त्यानं. आठ दिवस तेच. ती जवळ आली की किंचाळायचा, आजीच्या पदराआड लपायचा. रात्री ती कोपऱ्यात तोंड दाबून रडायची. शेवटी घरात ठरलं की तिनं काही महिने माहेरी जावं. लेकरू मोठं झालं की पाहू. रामरावांनी बंडी जुंपली. हो, जुंपली! बैल दारात उभे होते.

तेव्हा सासू बाहेर आली. अंगावरचं हेच हिरवं लुगडं तिनं फेडलं होतं, दुसरं नेसली होती. ते न धुतलेलं, घामाचं, धुराचं, तंबाखूचं लुगडं तिनं सुनेच्या अंगावर टाकलं. "हे नेस," म्हणाली. "लेकराचे डोळे नाकात असतात."

तिसऱ्या रात्री रजत तिच्या कुशीत येऊन झोपला. तिनं त्याला जन्मात कधी हे सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं? आईला वळखण्यासाठी पोराला आजीचं लुगडं लागलं, हे तिला तीस वर्षं आतून टोचत राहिलं होतं. सासूचे उपकार मानावेत की तिचा राग धरावा, हेही तिचं कधी ठरलं नव्हतं. आता त्या लुगड्यावर हात ठेवून तिला कापशी आठवली. पलंगाखाली अंग चोरून बसलेली, घरी येऊन बेघर झालेली. नि तिला कडूलिंब घातला कुणी? तिनंच.

मग बाई उठली. लुगड्याचे हात-हातभर दोन तुकडे फाडले. एकानं सरकीचे गाल, मान, पाठ चांगली चोळली नि तो कापशीच्या अंथरुणावर टाकला. दुसऱ्यानं कापशीला चोळलं नि तो सरकीच्या ताटलीखाली घातला. सरकीनं तो हुंगला, फिस्कारली, दुधाकडं पाठ फिरवली. फिरव! भागीरथाबाईही हट्टी होती. भूक लागली तशी सरकी आली नि त्या तुकड्यावर उभी राहून प्यायली. गुरुवारी तिनं तुकडे बदलले, सरकीच्या फडक्यानं कापशीला पुसलं, परत बदलले. शुक्रवारी फटीशी नाकं आली, गुरगुर झाली नाही. उरलेल्या लुगड्याचं दुपटंही झालं. नऊवारी ते, सगळ्यांना पुरून उरलं. पण शनिवारी सकाळी तिनं दार वितभर उघडलं तशी सरकीनं पंजा मारला. नखं बाहेर नव्हती, पण मारला.

रामरावांनी तो पाहिला. ते उठले, खुंटीवरचं पोतं काढलं नि झटकलं.

"उद्या लेकरू येऊन राह्यलं," ते म्हणाले. "आता नाही थांबता येत. कापशीले दे."

भागीरथाबाई दाराला पाठ लावून उभी राहिली.

"माह्यासाठीही बंडी जुंपली होती तुमी," ती म्हणाली. "तुमच्या मायनं लुगडं दिलं नसतं तं मलेही सोडून आले असते. घरचीच होती मी. फक्त वास बदलला होता."

ती गोष्ट त्या घरात तीस वर्षांत एकदाही निघाली नव्हती. रामरावांनी हातातलं पोतं खाली ठेवलं नि ते उंबऱ्यावर बसले. तिथूनच त्यांनी विचारलं, "अजून किती दिवस लागतीन?"

ते मात्र तिला माहीत नव्हतं. तसं तिनं सांगितलं. लेकराची खोली बंद ठेवू, पाळण्याजवळ एकीलाही फिरकू देणार नाही, म्हणाली. दुपारी रामरावांनी सुताराकडून जाळी आणली नि पाळण्याच्या खोलीच्या खिडकीला स्वतः ठोकली. दोन खिळे वाकडे गेले. संध्याकाळी पोतं मधल्या दारात अंथरलं नि दार हातभर उघडं ठेवून स्वतः तिथंच बसले, मध्ये पाय पसरून. सरकी एका बाजूनं आली, कापशी दुसऱ्या बाजूनं. त्यांच्या पायांच्या अल्याड-पल्याड दोघींनी दूध संपवलं. त्या पूर्वीसारख्या एकीच्या पोटावर एक अशा झोपल्या नाहीत, नि पुढंही झोपतील की नाही कुणास ठाऊक. रामराव म्हणाले, एका छपराखाली जेवून राह्यल्या न, आपलं तरी दुसरं काय हाय.

रविवारी रजत आला. अर्पितानं भाकरतुकडा ओवाळून घेतला, आत आली, नि लेकीला भागीरथाबाईच्या हातात दिलं. पोरीनं असा टाहो फोडला की गल्ली जमा व्हावी. अर्पिता ओशाळली, घ्यायला पुढं झाली. रजत म्हणाला, "थांब आई, तिले तुही सवय नाही."

भागीरथाबाईच्या काळजात तीच जुनी कळ आली. पण या वेळी ती रडली नाही.

"तुही ओढणी दे," ती सुनेला म्हणाली. "धुतलेली नको. अंगावरची."

अर्पितानं गोंधळून ओढणी काढून दिली. भागीरथाबाईनं ती खांद्यावर घेतली, लेकरू तिच्यावर ठेवलं नि येरझाऱ्या घालू लागली. तिसऱ्या फेरीला रडणं हुंदक्यांवर आलं. पाचव्या फेरीला पोरीनं ओढणीत नाक खुपसलं नि डोळे मिटले.

रजत पाहतच राहिला. "हे कुठं शिकली वो तू?" त्यानं विचारलं.

भागीरथाबाईनं रामरावांकडं पाहिलं. रामराव खाली मान घालून बुटाची नाडी सोडत होते. नाडी सुटली तरी मान वर झाली नाही.

"तुह्याच पायी शिकली बापा," ते म्हणाले. "बस इथं. सांगतो तुले."