हुरड्याला मोजमाप नसतं

दोन वर्षं जेवण टाळून टाळून केडगावची मनवा पार वाळली होती. उपचार सुरू झाले आणि भूक अशी खवळली, की ही आता कधी शमणारच नाही, अशी धास्ती तिने घेतली. "अंग भरून निघतंय, खात राहा," असं डॉक्टर सांगत.

पाथर्डीला वडिलांच्या मित्राच्या शेतावर ती हुरडा खायला गेली, तेव्हा तिच्या ओंजळीमागून ओंजळी रिकाम्या झाल्या.

"काकू, माझ्या किती झाल्या हो?" तिने ओशाळून विचारलं.

भाजलेली कणसं चोळता चोळता त्या मित्राच्या पत्नी छबूकाकू म्हणाल्या, "मोजनाऱ्याला आमी फुडच्या वर्षी बोलावत न्हाई. कर हात फुडं."

मनवाने हसून हात पुढे केला. पोट भरल्यावर "पुरे" तिनेच म्हटलं. परतताना एसटीत पुन्हा भूक लागली, तेव्हा काकूंनी बांधून दिलेली पुडी तिने बिनधास्त सोडली.