बिर्याणी गार होतीय

“आपा, डबे आणलेत ना?”

त्या दिवशी कमिटीनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी पीएचडी करते. विषय, अरबी समुद्रातल्या मुसलमान खलाशांच्या परंपरा. दर सहा महिन्यांनी कमिटीपुढं काम मांडावं लागतं. त्यांना पटलं तरच फेलोशिप पुढं चालते.

पहिल्या वर्षी ईदला अम्मीनं माझ्या गाईड सरांसाठी प्रेमानं डबा दिला होता. तिथून रीतच पडली. मीटिंग आली की सरांचा फोन. “बाहेरचे लोक येणार आहेत. अम्मीला सांग.” अम्मीची कंबर कामातून गेलेली. तरी पहाटे फजरची नमाज झाली की ती गॅसपुढं उभी. मी कुरकुरले की म्हणायची, “जाने दे बेटी. खिलाए तो क्या जाता? सही उनोच करते ना.”

सही तेच करतात. म्हणून सोलापूरच्या भवानी पेठेतून विद्यापीठात जायला रिक्षात बसायचं, मांडीवर गरम पातेलं, खांद्याला लॅपटॉप. ओढणीला तुपाचे डाग.

त्या दिवशी मी सांगत होते, जुने खलाशी समुद्रातली वाट कवितेत बांधायचे. कुठला तारा धरून कुठल्या बंदराला जायचं, सगळं तोंडपाठ. हे वाचायला मी अरबी शिकले. आमच्या घरात दखनी. कुराण वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. व्याकरणात माझी वर्षं गेली. सर मात्र सगळ्यांना सांगायचे, “हिला काय, घरचीच भाषा.”

मी निम्म्यात असताना अध्यक्ष उठले. “बाकीचं राहू दे. बिर्याणी गार होतीय.”

मी वाढायला लागले. सवयीनं. कमिटीतल्या मॅडमनी प्लेट पुढं केली. “सोलापुरात बसून समुद्र कशाला गं? तुमच्या लोकांच्या स्वयंपाकावर कर की. लगेच डिग्री.”

सगळे हसले. सर सगळ्यात जोरात.

मला राग नाही आला. थकवा आला. आणि मग कळलं, मीपण हसतेय. त्यांच्याबरोबर. माझ्यावर.

मी चमचा खाली ठेवला. “सर, माझं मांडायचं राहिलंय.”

“होईल की. आधी वाढ.”

“तुमी घ्या वाढून.”

प्रोजेक्टर परत लावला. ते जेवत होते, मी बोलत होते. तरी शेवटपर्यंत बोलले. कुणी एकही प्रश्न विचारला नाही.

शेरा आला, प्रगती असमाधानकारक. फेलोशिप थांबली. सरांनी बोलावलं. “मॅडमची माफी माग. विषय बदल. पुढचं मी सांभाळतो.”

घरी सांगितलं. अम्मी रडली. अब्बा टेम्पो चालवतात, चादरींचे गठ्ठे पोचवतात. त्यांनी विचारलं, “कितना लिखने का रह्या?”

“दो चॅप्टर.”

“लिख.”

मी विद्यापीठाकडे गाईड बदलून मागितला. कारण विचारलं, तेव्हा घडलं ते सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. अजून उत्तर नाही. सकाळी क्लासमध्ये शिकवते, दुपारी लिहिते. लई थकलेय. ओळखीचे म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी करिअर घालवलंस. म्हणू देत.

माफी मागणार नाही. विषय बदलणार नाही. सहा महिन्यांनी कमिटी पुन्हा बसेल. माझं संपायच्या आत कुणी उठलं, तर दारात उभी राहीन आणि म्हणेन, बसा.