डबीतला स्फटिक

शिरूर-दौंड एसटीत ती पोरगी आमच्या बाकावर खिडकीशी बसली होती. मांडीवरची डबी तिनं दोन्ही हातांनी धरलेली. गाडी आदळली की पोरगी उडायची, डबी नाही. मधे मी आणि पलीकडे बायको. तिची साखरपुड्याला न्यायची साडी मी घरीच विसरलो होतो, म्हणून ती शिरूरपासून माझ्याकडे पाठ करून बसलेली.

"सोनं हाय का गं त्यात?" मी विचारलंच.

"स्फटिक हाय, मामा. भट्टीत वाढवायला वर्ष गेलं. चीर पडली तर पुन्हा वर्ष. लॅबमधी लई गार करून बघायचाय."

"गार करून काय व्हतं?"

"आतले अणू म्हंजी बारके चुंबकच. गरम असताना कुणाचं तोंड कुठंबी. ठरावीक थंडीला शेजारी-शेजारी उलट्या तोंडांनी बसत्यात. तवा उष्णता किती लागती, ते मोजायचं."

"आमच्यावानीच," मी बायकोच्या पाठीकडे बघत म्हणालो.

पोरगी हसली. "उलटी असली तरी ती शिस्तच की, मामा. गरमीत तर कुणाचा कुणाला पत्ता नसतो."

दौंडला तिनं श्वास रोखून डबी उघडली. कापसात तांदळाएवढा काळा खडा, शाबूत. बघायला आम्ही दोघंही एकदम वाकलो आणि डोक्याला डोकं आपटलं.

"हळू की जरा," बायको म्हणाली. शिरूरनंतरचं तिचं ते पहिलं वाक्य.