रेंज गेली, अक्का

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

लातूरला कॉलेजच्या प्रश्नपत्रिका मी टॅबलेटवर काढतो, त्याला कीबोर्ड जोडलेला आहे. लेकीने एकदा दाखवलं, कमांडचं बटण धरून क्यू दाबलं की समोरचं ॲप जागच्या जागी बंद. बोटाने पडदा सरकवत बसायला नको. "बाबा, वेळ वाचतो," ती म्हणाली. तो मी कसा वाचवला, ते सांगतो.

माझी थोरली बहीण किनवटकडच्या एका गावात एकटी राहते. आई गेल्यावर आठवीपासून मी तिच्याच घरी वाढलो. रोज संध्याकाळी त्याच टॅबलेटवर तिचा व्हिडिओ कॉल. आधी म्हशीची तब्येत, मग शेजारणीच्या सुनेची, मग पुन्हा म्हशीची. एकदा समोर पेपरांचा गठ्ठा होता आणि डावा हात आपसूक त्या दोन बटणांवर गेला. अक्का वाक्याच्या मध्येच नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी म्हणालो, "तुझ्याकडची रेंज गेली, अक्का." किनवटच्या जंगलावर असला आळ घेतला तर कुणालाही खरा वाटतो. पुढे सवयच लागली.

गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "मास्तर, एक काम होतं. माझ्या डोळ्याचं..." सकाळी प्रश्नपत्रिका द्यायची होती. मी बटणं दाबली. तिचा पुन्हा फोन आला नाही. मीही केला नाही. काय राहिलं होतं ते विचारायला तोंड लागतं.

दहाएक दिवसांनी धीर करून कॉल लावला, तर अक्का मोठा काळा चष्मा लावून बसलेली.

"मोतीबिंदू काढला नांदेडला. शेजारणीला घेऊन गेले. तुला ये म्हणणार होते, तर गेली रेंज."

"हो ना, तुमच्या त्या जंगलात..."

"अरे, तवा मी नांदेडलाच होते की! तपासाया गेलते." ती हसायला लागली. "आन ऐक. रेंज गेली की माणूस अडकतो. तोंड उघडं, डोळा अर्धा मिटलेला, लई भुतावानी दिसतो. तू न्हाई अडकत. तू दिवा मालवल्यावानी जातोस. लई दिवसांपासून बघून राहिले मी."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू मास्तर कुठवर टिकतो. शेजारणीच्या सुनेच्या गोष्टीपुढं एकदा बी टिकला न्हाईस."

मला हसू आलं नाही. "अक्का, मीच बंद करत होतो," एवढंच बोललो. चार शब्दांसाठी दीड वर्ष लागलं.

तिने चष्मा सारखा केला. "हाव. दुसरा डोळा राहिला हाय. येणार का?"

गेलो. नांदेडच्या दवाखान्यात नर्सबाईंनी विचारलं, सोबत कोण? "धाकटा भाऊ," अक्का म्हणाली, "लातूरला मास्तर हाय. त्याला लई कामं असतात, बाई, लवकर सोडा." नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग रजा टाकून आठवडाभर तिच्याकडे राहिलो. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे होते. पहिल्यांदा थेंब गालावर पडला आणि ओघळून कानात गेला.

"मास्तर," अक्का आढ्याकडे बघत म्हणाली, "डोळा जरा वर हाय."