उलट्या फिरणाऱ्या बाया

महोत्सवांची बोधचिन्हं तयार करणं हा माझा धंदा आहे. कमान, पत्रिका, झेंडे, कलाकारांच्या गळ्यातले बिल्ले, या सगळ्यांवर एकच खूण दिसायला हवी आणि ती पाहिल्याबरोबर कार्यक्रम कुणाचा हे कळायला हवं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावात हे समजावून सांगता सांगता माझी दमछाक होते. "म्हणजे बॅनर बनवतेस ना?" असं कुणी विचारलं की पूर्वी माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्याला कारणही होतं. माझे अब्बा पेंटर. मूलच्या अर्ध्याअधिक राईस मिलच्या भिंतींवरची अक्षरं त्यांच्या हातची. फ्लेक्स आला आणि त्यांचे ब्रश पेटीत गेले. मी नागपुरात शिकून चंद्रपुरात संगणकावर काम करू लागले आणि अब्बांचं काम म्हणजे मागच्या जमान्यातली गोष्ट असं मनोमन ठरवून मोकळी झाले. तोंडाने कधी बोलले नाही, पण त्यांना ते कळत असावं.

मग गडचिरोलीच्या आदिवासी कला महोत्सवाचं काम मिळालं. माझं पहिलं मोठं काम. उद्घाटन गोंडांच्या रेला नाचाने होणार होतं आणि नाचणाऱ्या बाया मुलचेऱ्यापलीकडच्या एका गावातल्या होत्या. मी त्यांच्या गावात एक दिवस राहिले. एकमेकींच्या कमरेला हात घालून त्या गोल फिरत होत्या. त्यांची म्होरकी साठीची, सगळ्यांत बुटकी, पण ढोलाला ताल तीच दाखवायची. तेच रिंगण बोधचिन्ह करायचं हे मी तिथेच ठरवलं. बारा बाया, त्यांतली एक मुद्दाम बुटकी काढली. मध्ये महोत्सवाचं नाव.

चूक मी चंद्रपूरला येऊन केली. पडद्यावर पाहताना वाटलं, रिंगण मागे फिरतंय. नजर डावीकडून उजवीकडे जाते, गती पुढे दिसली पाहिजे, असं कॉलेजात शिकवलं होतं. एक बटण दाबून चित्र आरशात दिसतं तसं उलटवलं आणि बाया घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरू लागल्या. आता कसं झकास दिसतं, असं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

जंगलातल्या लोकांच्या कार्यक्रमात प्लास्टिक नको, म्हणून कमानीचं मोठं कापड आणि रस्त्यावरचे बारा झेंडे मांजरपाटावर छापले होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी कमानीवर मोठं कापड चढलं आणि सरावासाठी त्या बाया आल्या. म्होरकी कमानीखाली थांबली. मान वर करून बराच वेळ पाहत राहिली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

"पोरी, ह्या बाया कोनाच्या हायेत?"

"तुमच्याच आहेत की, बाई."

"आमच्या नाईत. ह्या उलट्या फिरून राह्यल्या." मग तिने कमानीसमोरच्या धुळीत स्वतः गोल चालून दाखवलं, काट्यांच्या उलट. "आमचा नाच असा. लगनातले फेरे असे. मळनीचे बैलबी असेच फिरते. हे दुसऱ्याचं व्हय."

ती भांडली नाही. पण कमानीखालून आत न जाता बाजूच्या कुंपणाच्या फटीतून गेली, आणि तिच्यामागे सगळ्या बाया तशाच गेल्या. ज्यांचा नाच त्याच माझ्या चिन्हाखालून जायला तयार नव्हत्या. लाजेने माझे कान तापले.

समितीचे एक सर म्हणाले, "कोन पाहते मॅडम? साहेब लोक फीत कापतीन अन् जातीन." ते म्हणत होते ते खरंच होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा भयंकर राग आला. पण नवी छपाई करायला वेळ नव्हता. मी अब्बांना फोन लावला. उपाय विचारायला नाही, रडायला.

सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "काऊन रडून राह्यली, बेटा? कपडा मांजरपाट हाय ना? मंग रंग पार झाला असन. पलटव त्याले."

कापड उलटं करून पाहिलं. रंग खरंच पलीकडे उतरला होता आणि बाया बरोबर दिशेने फिरत होत्या. फक्त मधली अक्षरं उलटी झाली होती.

"अक्षरांचं माह्यावर सोड," अब्बा म्हणाले.

दुपारच्या एसटीने ते पेटी घेऊन आले. रिंगणाच्या मध्ये गेरूचा भरीव गोल दिला, उलटी अक्षरं झाकली. तो वाळेपर्यंत चहा प्यायले आणि मग कंपास नाही, पट्टी नाही, नुसत्या नजरेवर महोत्सवाचं नाव पांढऱ्या रंगात लिहिलं. मोठं कापड झालं, मग रस्त्यावरचे बारा झेंडे, तेही असेच पलटवून. मी रंगाचा डबा धरून मागे फिरत होते. संगणकातल्या कुठल्याच अक्षराला ती वळणं नव्हती. इतकी वर्षं हा माणूस माझ्या घरात होता आणि मी अक्षरं नागपूरला शिकायला गेले! मला त्यांचा फार अभिमान वाटला. शेवटी "अब्बा, चहा आणू?" एवढंच विचारता आलं.

दुसऱ्या दिवशी म्होरकी पुन्हा कमानीसमोर थांबली. बोटाने एकेक बाई मोजत गेली आणि बुटकीवर थांबली. "हे मी," म्हणाली, आणि ढोलवाल्याला हात केला. बाया नाचतच कमानीखालून आत गेल्या.

पुढच्या वर्षी नव्या महोत्सवाच्या कामासाठी मी त्या गावात गेले. म्होरकी रानात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वेचायला गेली होती. तिच्या शेजारच्या घराच्या मातीच्या भिंतीवर चुन्याने एक रिंगण काढलेलं होतं. अंगण सारवणाऱ्या त्या घरच्या सुनेला मी विचारलं, हे कुणी काढलं?

"मीनंच. पन हे आमचं जुनंच व्हय," ती म्हणाली. "आजीच्या आजीपासूनचं."

मी जवळ जाऊन बाया मोजल्या. बारा. त्यांत एक बुटकी. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत. ही बुटकी माझी आहे, असं सांगावंसं क्षणभरही वाटलं नाही.

"तुमी काय काम करता, बाई?" तिने विचारलं.

"बॅनर बनवते," मी म्हटलं.