विरहासाठी माहेरी

भक्तीला निमित्त कोणतेही पुरते. बहादरपूरच्या जीवनला राजपुऱ्यातली पूर्णिमा पुरली.

केळीच्या बागेत राबणारा हा तरुण गावच्या भजनी मंडळासाठी पदे रची. कामानिमित्त बुऱ्हाणपुरात गेला असता, राजपुऱ्यात पॉवरलूमच्या खटखटाटाशेजारी त्याने पूर्णिमेला पाहिले, आणि तीन वर्षांत राधेच्या विरहाची अठरा पदे झाली. प्रेम ही अशी वस्तू, की देवाच्या नावे धाडली तरी ठरल्या पत्त्यावर पोहोचते. मंडळ गाई, लोक रडत. सर्वांत जास्त रडत ते राजपुऱ्याहून भजनाला येणारे यशवंतराव, पूर्णिमेचे वडील. "एवढा देवात बुडालेला मुलगा पोरींकडे मान वर करून पाहायचा नाही," असे म्हणून त्यांनी आपली लेक त्यालाच दिली.

लग्न झाले आणि राधा सुखी झाली. हीच अडचण! गोकुळाष्टमी जवळ आली, जीवनने नवे पद वाचून दाखवले. मंडळाचे प्रमुख लीलाधरकाका चष्मा काढत म्हणाले, "अरे भाऊ, ही राधा पोटभर जेवून आलेली दिसते. अष्टमीला ये नहीं चलेगा."

"मग काय करू, काका?"

"सूनबाईला महिनाभर माहेरी धाड. विरह आपोआप येईल."

पोळी शेकता शेकता पूर्णिमेने हा प्रस्ताव ऐकला. "म्हणजे मी घरात असले की तुमचा देव येत नाही?"

"तसं नाही गं. पद होईपर्यंतच."

"बरं. मग घाई करू नका."

ती गेली. रिक्षाने पंधरा मिनिटांचा तो विरह. पण करपलेला भात खाता खाता नवव्या दिवशी जीवनला असे पद सुचले, की काकांनी टाळ खाली ठेवून डोळे पुसले. जीवन ते घेऊन धावत राजपुऱ्यात गेला. "झालं पद. चल घरी."

पूर्णिमेने वाचले. राधा अन्न सोडते, राधा झोप सोडते, राधा दाराशी झिजते.

"ही कोण?"

"तूच."

"मी तर मजेत आहे. सकाळी आई हातात चहा देते, दुपारी झोप होते. अठरा पदं लिहिली माझ्या मनावर, एकदा विचारलंत का मला? खरं लिहा, अष्टमीला तेच गायलं की येते."

जीवन ओट्यावर बसला. अठरा पदांत जो प्रश्न आला नव्हता, तो त्याने प्रथमच विचारला, "कशी आहेस?" ती बोलत गेली, तो लिहीत गेला. शेवटच्या कडव्यात राधा माहेरी सुखाने निजली, आणि कृष्ण तिच्या दाराशी येऊन चूल सांभाळायचे कबूल करू लागला.

"देवाला हे शोभतं का?" काका संतापले.

"हे कडवं गायलं नाही तर ती येणार नाही, काका. मग विरह भरपूर. पण मी लिहिणार नाही."

अष्टमीला काकांनी ते गायले, डोळे मिटून, नाइलाजाने. पुरुषांच्या बाजूला शांतता. बायकांनी तेच कडवे तीनदा म्हणवून घेतले. त्यांच्यात पूर्णिमा मांडीवर कपड्यांची पिशवी घेऊन बसली होती. तिसऱ्यांदा कडवे संपले तेव्हा ती उठली, आणि पिशवी जीवनच्या हाती दिली.