डाव्या चाकाची कुरकुर

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, आणि माझी बायको वंदना हिच्या मते त्यातले सर्वांत गोड दिवस गाडीच्या पुढच्या डाव्या चाकानं दिले. मी नव्हे. चाकानं!

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. तसं मी कोणालाच काही सांगत नाही. ऑफिसात माझ्याबद्दल असं म्हणतात, की साहेबांच्या टेबलाला आग लागली तरी ते ओरडणार नाहीत, आधी नोटशीट टाकतील. घरीही तेच. वंदना बोलते, मी मान हलवतो. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण त्या चाकाचं ओझं मनावर फार दिवस आहे, तेव्हा आज सांगूनच टाकतो.

पन्नाशी जवळ आली की पुरुषाच्या डोक्यात काहीतरी शिरतं. कोणी गुडघ्याला पट्टा बांधून मॅरेथॉन पळतो, कोणी केस काळे करून गिटार शिकतो. मी फोर-बाय-फोर गाडी घेतली. चारही चाकांना ताकद, डोंगर चढेल, नाला ओलांडेल! आणि मी तिच्यातून कुठे जाणार? चौबे कॉलोनीतून निघून नवा रायपूरच्या ऑफिसात. तो रस्ता असा गुळगुळीत, की वरण सांडलं तर तिथेच भात कालवून घ्यावा. त्या रस्त्यावर ही गाडी नेणं म्हणजे दुधाची पिशवी आणायला हत्तीवर बसून जाणं.

वंदनानं हो म्हटलं, पण अट घातली. आमच्या जुन्या गाडीनं तिला इतकं छळलं होतं, की गॅरेजचा बोर्ड दिसला तरी तिचं डोकं दुखायचं.

"घ्या. पण सांगून ठेवते," ती म्हणाली, "त्या डब्ब्यासारखी कुरकुर-खडखड मले एकदा जरी ऐकू आली ना, तं दुसऱ्या दिवशी गाडी विकाची. कबूल?"

मी मान हलवली.

पुढे मी फोर-बाय-फोरवाल्यांच्या एका ग्रुपात शिरलो. कोण होते हे वीर? एक दातांचे डॉक्टर, एक लोखंडाचे व्यापारी, एक कोचिंग क्लासवाले. सगळ्यांना टोप्या, सगळ्यांना पोटं, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: चिखल न लागलेली गाडी ही गाडीच नव्हे! (यांच्यापैकी एकाच्याही बुटाला मी कधी चिखल पाहिला नाही.) मला ते पटलं. मूर्खपणाची गोष्ट मला नेहमी पटकन पटते, शहाणपणाच्या गोष्टीला मी वेळ मागून घेतो.

एका रविवारी वंदनाला आणि आमच्या मुलीला, ईशाला घेऊन मी आरंगच्या पुढे महानदीवर गेलो. उन्हाळा होता. नदी म्हणजे वाळूचं मैदान आणि मधून टाचा बुडतील असं पाणी. तिथे चांगला लांबरुंद पूल आहे.

"पुलावरून तं सायकलवालाही जाते!" मी म्हणालो आणि गाडी वाळूत उतरवली. चारही चाकं जुंपणारा तो मोठा दांडा ओढला, गाडी गुरगुरली, माझी छाती फुगली. पाण्यात शिरलो तशी वंदनानं पर्स उघडली. नदी ओलांडताना ती नाणं टाकतेच. तिची आई टाकायची, तिची आजी टाकायची. रेल्वेतून जाताना तर ती झोपेतून उठून टाकते.

"अहो, थांबवा जरासक. नाणं टाकाचं आहे."

"नदीत गाडी थांबवत नसतात!" (हे वाक्य दातांच्या डॉक्टरांचं.) "चालता चालता टाक!"

तिनं खिडकीतून हात बाहेर काढला, डोळे मिटले, नाणं सोडलं आणि हात जोडले. नेमकं तेव्हाच मी तिच्यावर छाप पाडायला जोरात गाडी दामटली. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले, वंदना अर्धी भिजली, आणि ईशा मागून म्हणाली, "पापा, आप गाड़ी चला रहे हो या पोछा मार रहे हो?" पोट्टीला मराठी सगळं कळतं, पण अपमान ती हिंदीतच करते.

परतीच्या वाटेवर, हायवे लागला आणि ते सुरू झालं. खर्रर्र... खर्रर्र... टिंग! खर्रर्र... टिंग! पुढच्या डाव्या चाकातून, म्हणजे बरोबर वंदनाच्या पायाखालून!

ती डुलक्या घेत होती. ईशाच्या कानात इअरफोनची बोंडं होती. माझ्या डोळ्यांसमोर गाडीच्या विक्रीची जाहिरात दिसू लागली. मी घाईघाईनं रेडिओ लावला.

वंदनाचे डोळे उघडले. "काहून गाणे लावून राहिले? डोकं दुखून राहिलं माह्यं. बंद करा."

बंद केला. खर्रर्र... आता उपाय एकच उरला होता, आणि तो मी आयुष्यात कधी वापरला नव्हता.

"वंदना," मी मोठ्यानं म्हणालो, "आज आभाळ... चांगलं आहे ना!"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाला हात लावला. "ताप आहे का तुम्हाले?"

"नाही. मंजे... तुह्या आईच्या हातचा तो पाटोडीचा रस्सा... काय रस्सा होता तो! सांग ना कसा करत होत्या!"

ती ताठ बसली. मी सासूबाईंचा विषय आपणहून काढला होता! घर येईपर्यंत ती रस्सा सांगत होती, मी जोरजोरात "अरे वा! मंग? मंग?" करत होतो, आणि खाली चाक आपलं गाणं गात होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी गुपचूप तपास सुरू केला. ग्रुपात विचारलं. लगेच निदानं आली. दातांचे डॉक्टर म्हणाले, गिअरपेटीचं मूळच खराब, काढूनच टाका. व्यापारी म्हणाले, टायर बदला. कोचिंगवाले म्हणाले, असा आवाज ऑफ-रोडिंग केलेल्या गाडीलाच येतो, अभिनंदन! मग मी साळ्याला, सुधीरला फोन केला. सुधीर नागपूरला बँकेत असतो, आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून त्याला सर्व यंत्रांचं ज्ञान झालेलं आहे.

"ताईले नका सांगू, पण मले आवाज ऐकवा, भाऊजी," तो म्हणाला. "फोन चाकापाशी बांधा अन् गाडी चालवा."

मी बांधला! सरकारी अधिकारी आहे मी. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घातला, स्पीकर चालू ठेवला, आणि चाकावरच्या मडगार्डला सुतळीनं आवळला. मग कॉलोनीतून हळूहळू फेऱ्या मारल्या. माझ्या गाडीच्या चाकातून सुधीरचा आवाज यायचा: "आता लेफ्ट मारा, भाऊजी! आता राइट! अरे, जोरात मारा ना!" चौकातला पानवाला पान लावता लावता थांबला. एक आजोबा तर चाकाला "कोन हे भीतर?" म्हणून विचारायला वाकले. चाकानं उत्तर दिलं, "बेअरिंग! शंभर टक्के बेअरिंग!"

उरल्याला, कारखान्यांच्या भागात, जुन्या ओळखीचा एक उस्ताद मेकॅनिक होता, ट्रकांची कामं करायचा. त्यालाही फोन लावला.

"आवाज मोड़ने पे आता है कि सीधे में?"

"दोनों में."

"तो बेअरिंग."

"और ब्रेक मारो तो बंद हो जाता है."

"बंद हो जाता है? तब तो पक्का बेअरिंग!"

म्हणजे निदान ठरलेलंच होतं, लक्षणं विचारायची ती केवळ सभ्यता म्हणून. पण बोलता बोलता माझ्याच तोंडून एक मोलाची गोष्ट निघाली होती. ब्रेक दाबला की आवाज बंद! मग गॅरेज कशाला हवं? वंदना गाडीत असली की मी ब्रेकवर पाय टेकवूनच गाडी चालवू लागलो. (हा शोध मी एकट्यानं लावला. सुधीरचा त्यात काहीही वाटा नाही.)

पण संपूर्ण रस्ताभर ब्रेक दाबता येत नाही. जिथे पाय उचलावा लागे तिथे मी बोलत असे. आणि झालं भलतंच! वंदनाला आता रोज संध्याकाळी फिरायला जायचं असे. "चला ना, तेलीबांधा तलावावर चक्कर मारून येऊ." ती केसांत गजरा माळू लागली. एकदा स्वयंपाकघरात ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, आजकाल हे बोलाले लागले! खरंच! काय झालं काय मालूम, पण मले तं लय बरं वाटून राहिलं."

मी दाराआड उभा होतो. माणसाला लाज वाटावी म्हणून देवानं कान दिलेत, हे तेव्हा कळलं. ती बिचारी नवऱ्यावर खूश होती, आणि नवरा एका चाकाची अब्रू झाकत होता!

विषय तर भराभर संपत होते. ऑफिस झालं, हवा झाली, भाज्यांचे भाव झाले, माझं बालपण झालं (ते एका सिग्नलमध्येच संपलं). एका संध्याकाळी तलावाच्या वळणावर ब्रेक सोडावा लागला, चाक किंचाळलं, आणि मला काही म्हणजे काही सुचेना. तेव्हा तोंडातून खरं तेच निघून गेलं.

"वंदना! मी तुले पाहाले आलो होतो ना, तेव्हा मी तुले पाहिलंच नव्हतं!"

"मंजे?"

"मले लाज वाटून राहिली होती. मी पूर्ण वेळ पोह्याच्या प्लेटीकडेच पाहिलं. घरी सगळे विचारू लागले, पोरगी कशी आहे? मी म्हटलं, चांगली आहे. पोहे चांगले होते, म्हणून!"

गाडीत शांतता. म्हणजे चाक सोडून. मला वाटलं, आता गाडी राहू द्या, मीच विकला जाणार. मग वंदना हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ते पोहे माह्या वहिनीनं केले होते," ती म्हणाली.

मी इतका हादरलो, की पाय ब्रेकवर दाबूनच ठेवला आणि तशीच गाडी रेटत राहिलो. थोड्या वेळात वंदनानं नाक वर केलं. "काहीतरी जळून राहिलं हो."

"उरल्याचा धूर असंल," मी म्हणालो. रायपुरात कशालाही काळं लागलं, की आम्ही उरल्याच्या कारखान्यांवर ढकलतो.

"उरल्याचा धूर आपल्या बोनटातून काहून निघंल?"

उतरून पाहिलं. डाव्या चाकातून धुराची रेघ! वंदनानं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "चला. गॅरेजमध्ये. आत्ताच." गॅरेजचा शब्द तिच्या तोंडून आला, म्हणजे सगळं संपलं होतं.

उस्तादानं आम्हाला पाहिलं आणि पहिल्याच वाक्यात माझा निकाल लावला. "आ गए भैया! कब से तो फोन पे आवाज, आवाज कर रहे थे. दीदी, इनको बोला था मैंने, बेअरिंग है!"

वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

उस्तादानं चाक काढलं. आत ब्रेकची चकती, तिच्यामागे चिखल अडवणारा पातळ पत्रा. एक बोल्ट निघेना. उस्तादाला राग आला, त्यानं हातोडा घेतला आणि दिला ठेवून. टण्ण! चकती आणि पत्रा यांच्या फटीतून काहीतरी चमकत खाली पडलं आणि गरगरत वंदनाच्या चपलेपाशी जाऊन थांबलं.

पाच रुपयांचं नाणं! एका बाजूनं घासून आरशासारखं झालेलं.

"मैं तो पहले से बोल रहा था, अंदर कुछ है!" उस्ताद म्हणाला.

वंदनानं नाणं उचललं, उलटंपालटं केलं. "हे तं मी महानदीले दिलं होतं."

माझ्या कानात माझंच वाक्य वाजलं: नदीत गाडी थांबवत नसतात. चालता चालता टाक! पुलावरून गेलो असतो, नुसता थांबलो असतो, तर नाणं नदीला मिळालं असतं. गाडी दामटून, पाण्याच्या फवाऱ्यासकट मी ते माझ्याच चाकाला वाढलं होतं!

"मंजे तुम्ही एवढे दिवस आवाज दाबाले बोलून राहिले होते?" वंदनानं हळूच विचारलं.

मान हलवायची सवय. पण हलेना. "हव," मी म्हणालो. "गाडी विकशीन म्हणून."

"मले पहिल्याच दिवशी ऐकू आला होता तो आवाज. मी झोपली नव्हती."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही बोलून राहिले होते ना," ती म्हणाली. मग उस्तादाकडे वळली. "भैया, ये वापस अंदर फँस सकता है क्या?"

उस्ताद हातोडा धरून तसाच उभा राहिला. एवढ्या निदानांत हा आजार त्यानं कधी पाहिला नव्हता.

घरी जाताना गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली. खर्र नाही, टिंग नाही. मीही गप्प. तलाव आला. वंदनानं पर्समधून नाणं काढलं, खिडकीची काच खाली केली आणि चाकाच्या दिशेनं हात बाहेर धरला.

"सांगतो, सांगतो!" मी ओरडलो. "लहानपणी मी एकदा..."

गाडी विकली नाही. नाणंही अजून नदीला गेलेलं नाही. ते समोरच्या डॅशबोर्डवर असतं, आणि मी फार वेळ गप्प राहिलो की वंदना ते नुसतं बोटानं वाजवते. उस्तादानं बेअरिंग बदललंच, कारण त्याचं निदान झालं होतं. जुनं बेअरिंग सुधीरनं नागपूरहून येऊन तपासलं, अगदी ठणठणीत निघालं. म्हणजे सबंध गाडीत बिघडलेला भाग एकच आहे. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसतो, आणि आवाज करत नाही.